बगलेतला पोळपाट

समोरच्या घरातून सकाळपासून धप् धप् असा आवाज येतो आहे. मध्येच थांबतो, बांगड्या वाजतात, पुन्हा सुरू होतो. चैत्र संपत आलाय. आठ वाजायच्या आत ऊन अंगणात ठाण मांडून बसतं, आणि अशा दिवसांत हा आवाज कशाचा हे खानदेशात कुणाला विचारावं लागत नाही. उडदाचं घट्ट पीठ पाट्यावर घेऊन, तेलाचा हात लावून मुसळाने कुटलं जातं आहे. आज त्यांच्याकडे पापड आहेत.

त्यांच्याकडे म्हणजे नक्की कुणाकडे, हे मला धड सांगता येणार नाही. जळगावच्या या नव्या वसाहतीत आम्हाला येऊन तीनच महिने झाले. समोर एक जैन कुटुंब राहतं. मूळचे राजस्थानातले, दोन पिढ्यांपासून इथे डाळीचा व्यापार. घरातल्या मोठ्या बाईंशी माझी ओळख फाटकापुरती. "नळ आला का?" "आला." एवढीच. आता मी स्वयंपाकघरात पोळपाट हातात घेऊन उभी आहे, आणि जावं की न जावं हे काही ठरत नाही.

"पापड लाटायला जायचं, तर त्यात एवढा विचार कसला?" हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

यांना म्हणायला काय जातं! याच प्रश्नावर मी एक अख्खा उन्हाळा घालवला आहे, आणि त्या उन्हाळ्यात माझं पारोळ्याचं घर माझं राहतं की नाही, अशी वेळ आली होती.

बहात्तरच्या त्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही साडेचार वर्षं इथिओपियात राहून परत आलो होतो. हे गणिताचे शिक्षक. तिकडच्या सरकारला शिक्षक हवे होते, आपल्याकडचे बरेच जण गेले, त्यात हेही. आमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सासूबाईंना आम्ही चला म्हणून खूप आग्रह केला. त्या म्हणाल्या, "मी कोठे येऊ? मनी बठ्ठी गल्ली आठे शे." मला तेव्हा हसू आलं होतं. मुलगा सातासमुद्रापार चाललाय आणि यांना गल्ली सुटत नाही!

मी मुळातच चौकस. धुळ्याला माहेरी वडील म्हणायचे, "ही पोरगी दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलून बघितल्याशिवाय राहणार नाही." त्यामुळे परदेशाची मला भीती अशी वाटलीच नाही. डोंगरातलं लहानसं गाव, बाराही महिने हवेत गारवा. तिथलं घड्याळ सूर्य उगवला की सुरू व्हायचं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. दिवस उजाडल्यावरच मोजायला लागावं, त्याआधीचे आकडे कुणाच्या कामाचे?

शेजारी अल्माझ नावाची बाई राहायची. चार मुलांची आई, उंच, हसली की सगळ्या अंगाने हसायची. तिच्याकडे कॉफी असली की मुलीला पाठवून आम्हाला बोलावणं यायचं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, कोळशावर धूप. कॉफीचे दाणे तिथल्या तिथे भाजायचे, कुटायचे, उकळायचे. पहिल्याच वेळी मी एक कप प्यायले, छान झाली म्हटलं आणि उठले. अल्माझचा चेहरा पडला. महिन्याभराने कळलं की कॉफी तीनदा होते, आणि तिसऱ्या कपाआधी उठणं म्हणजे तुमच्या घरात मला रस नाही असं सांगणं. पुढच्या वेळी मी तिन्ही कप प्यायले आणि रात्रभर डोळे टक्क उघडे ठेवून पडले. पण एक गोष्ट पक्की शिकले. बोलावणं आलं की जायचं, आलं नाही तर घरात बसायचं. तिथे ते नेमकं कामाला आलं.

पापडांचं मात्र तिथे काही जमलं नाही. उडीद मिळेना, म्हणून मसुरीच्या पिठाचे करून पाहिले. घरमालकाची म्हातारी आई भिंतीपलीकडे झोपलेली असायची, कुटायला लागले की काठीने भिंत ठोकायची. मग मी पाट्याखाली गोणपाटाच्या चार घड्या घालून, दार लावून, हळूहळू कुटायला शिकले. एकटीने लाटले. ऊन असं नावालाच. तिसऱ्या दिवशी पापडांवर हिरवी बुरशी आली. अल्माझने ते पाहून विचारलं, हे असंच खातात का?

सासूबाईंना मी ही फजिती पत्रातून कळवली होती. त्यांनी उत्तर लिहवून घेतलं, की डबा पाठवते, बोटीने येईल, धीर धर. डब्याआधी तार आली. सासूबाई गेल्या होत्या. आम्ही जाऊ शकलो नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी पत्र्याचा डबा आला, झाळून बंद केलेला, वर यांचं नाव. आत उडदाचे पापड. निम्म्यांचा चुरा झालेला. हे डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. आम्ही तो चुरासुद्धा टाकला नाही. भाजून, वाटीत घेऊन, चमच्याने खाल्ला. आयुष्यात मी इतकी कधी रडले नव्हते, आणि रडताना हेही कळत होतं की पापडात मिरं बेताचं पडलंय आणि खार अगदी बरोबर आहे.

तर असे आम्ही परत आलो. बरोबर तीन वर्षांची नीला, एक ट्रंक आणि कॉफीच्या दाण्यांची पिशवी. घर उघडलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. फक्त सासूबाईंचा पोळपाट नव्हता. काळसर शिसवी, कडेला पितळी खिळा मारलेला. गल्लीत सगळ्यांचे पोळपाट एकत्र येतात, तेव्हा खूण म्हणून. मी फडताळ पाहिलं, माळा पाहिला, पत्र्याची पेटी उपसली. शेवटी रविवारच्या बाजारातून आंब्याच्या लाकडाचा नवा घेतला. मनात म्हटलं, गेला असेल कुणीतरी उचलून, सासूबाई गेल्यापासून घर बंदच होतं.

परत आल्यावर आपलंच गाव आपण पाहुण्यासारखं पाहतो, याची मला पहिले काही दिवस मजाच वाटली. धुळ्याला जायचं म्हणून नाक्यावर उभी राहिले, तर दोन गाड्या समोरून निघून गेल्या. मी रस्त्याच्या उलट बाजूला उभी होते. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्या सवयीने. नीला कुणी काही सांगितलं की "इशी" म्हणायची, म्हणजे तिकडच्या भाषेत "बरं". आठवड्यात गल्लीतली सगळी पोरं एकमेकांना इशी इशी करायला लागली. रस्त्यावरचं बोलणं मला फार मोठ्याने वाटायचं. दूध तापताना त्याचा वास घरभर पसरायचा आणि मी चुलीपाशी उभी राहून तो हुंगायची. किल्ल्याच्या बाजूने संध्याकाळी शेरडं परतायची, त्यांच्या गळ्यातल्या घंटा तिकडच्यासारख्याच वाजायच्या. हे मला कुणालातरी सांगावंसं वाटे, पण सांगायचं कुणाला?

सुरुवातीला बायका आल्या, नाही असं नाही. सगळ्यांत पुढे सोनाअक्का. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. सासूबाईंच्या बरोबरीच्या, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी नीलाचा गालगुच्चा घेतला आणि प्रश्नांची फैर झाडली.

"तठे भाकर भेटस का?"

"नाही अक्का. मोठ्या घावनासारखं काहीतरी असतं, आंबटसर."

"आनि तठल्या बाया लुगडं नेसतस का?"

"पांढरं नेसतात, वेगळ्या तऱ्हेचं."

"आनि तुम्ही काय काय खायं तठे?" हे विचारताना त्यांनी आवाज जरा खाली आणला. मी खरं ते सांगितलं, आम्ही आपलं घरचंच खात होतो. पण त्यांना ते पटलं की नाही, हे मला कळलं नाही. नव्याचे नऊ दिवस संपले आणि बायकांचं येणं कमी झालं.

मग पापडांचे दिवस सुरू झाले. रोज सकाळी गल्लीत कुठून तरी धप् धप् ऐकू यायचं. थोड्या वेळाने बायका एकामागून एक माझ्या दारावरून जायच्या. बगलेत पोळपाट, हातात लाटणं, अंगावर जुनेर. त्या जाताना माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे बघायची. सगळ्याच हसायचो. त्या पुढे निघून जायच्या आणि मी ओट्यावर बसून राहायची. मला बोलावणं आलं नव्हतं.

एक दिवस गेला, दोन गेले. आठवडा गेला. लहानपणी धुळ्याला आईच्या मागे मागे मीही असल्या घरांत गेलेली होते, तेलात बुडवून कच्च्या लाट्या खाल्ल्या होत्या. पण आईला कोण बोलावतं, कधी बोलावतं, हे तेव्हा कशाला बघितलंय? आणि लग्नानंतरच्या एका उन्हाळ्यात सासूबाई "चल" म्हणाल्या आणि मी गेले, एवढंच. आता मी एकटीच बसून कारणं शोधू लागले. आम्ही परदेशात भलतंसलतं खाल्लं असेल असं वाटतंय का यांना? आमच्या हाताचं चालणार नाही का? सासूच्या शेवटाला आलो नाही, याचा राग आहे का? हे शेवटचं मनात आलं की घास उतरत नसे. कारण त्यात खोटं काही नव्हतं.

मी यांना म्हटलं, "आपण परत यायला नको होतं."

हे फळ्यावर गणित मांडावं तसे म्हणाले, "अगं, अल्माझ बोलवायची तेव्हा आपण जायचो. आता तू बोलाव, त्या येतील. साधं आहे."

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी स्वच्छ पातळ नेसून, वेणी घालून, मी आठ घरी गेले. आता आपल्या कामाला माणसं बोलवायची म्हणजे पापड लाटायला या असं तोंडावर सांगणं मला बरं वाटेना. म्हणून प्रत्येक दारात एवढंच म्हटलं, "उद्या दुपारी दोन वाजता आमच्याकडे या हं. नक्की." बायका जरा चपापल्या, पण हो म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाच शेर उडदाचं पीठ मी सकाळी भिजवलं. कुटताना जुन्या सवयीने पाट्याखाली गोणपाट घातलं, मागची खोली लावून घेतली. ओल्या फडक्याखाली पीठ झाकलं. खाटा बाहेर काढून त्यांवर धुतलेली धोतरं अंथरली. दोन वाजले आणि बायका आल्या.

आठही जणी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. कुणाच्या नाकात नथ, कुणाच्या डोक्यात अबोलीचा गजरा. एकीच्याही हातात पोळपाट नव्हता. त्या सतरंजीवर ओळीने, पदर सावरून बसल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. बाहेर खाटांवर धोतरं पसरलेली, आत मागच्या खोलीत पाच शेर पीठ वाळत चाललेलं, आणि घामाने डबडबलेली मी. आता यांना काय म्हणू? उठा, पदर खोचा? घरी बोलावून आणलेल्या पाहुणीला कुणी कामाला लावतं का?

मग जे होतं ते केलं. तिकडून आणलेले कॉफीचे दाणे भाजले, कॉफी केली. पहिला घोट घेऊन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "औषधसारखी लागस, पन चांगली शे." त्यांनी ट्रंकेतली तिकडची टोपली पाहिली, पांढरं वस्त्र हाताने चाचपून पाहिलं. मी हळदीकुंकू लावलं. साडेचारला सगळ्या उठल्या. तेवढ्यात सोनाअक्का रिकामे कप ठेवायला मागच्या खोलीत गेल्या. त्यांनी फडकं उचललेलं मी दारातून पाहिलं. त्या बाहेर आल्या आणि इतरांबरोबर निघून गेल्या. मला वाटलं, आता गल्लीभर हसं होणार.

संध्याकाळी यांनी लाट्या कापल्या आणि मी लाटल्या. माझे पापड भाकरीएवढे जाड होत होते, आणि नाचता येईना अंगण वाकडं तसं मी नव्या पोळपाटाला नावं ठेवत होते. निम्मं पीठ तसंच राहिलं. मी ते मडक्यात घालून मडकं ओल्या वाळूत ठेवलं आणि झोपताना ठरवलं, जूनमध्ये यांना दूर कुठेतरी बदली मागायला लावायची. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे निदान बोलावण्याची वाट तरी पाहावी लागत नाही.

सकाळी चूल पेटवते आहे तोच सोनाअक्का दारात. न विचारता आत आल्या, थेट मागच्या खोलीत.

"उरेल पीठ कोठे शे?"

मी मडकं दाखवलं. त्यांनी पिठाचा वास घेतला, बोटाने दाबून पाहिलं. "चाली. तेल आन." मग पाटा दोन्ही हातांनी ओढत पुढच्या ओट्यावर नेला. मी मागून गोणपाट घेऊन धावले. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि अंगणात भिरकावून दिलं.

"हाई काय वं माय! आवाजच नही करो तर आम्हले कसं समजी?"

मी मुसळ हातात घेऊन उभीच राहिले. म्हटलं, "अक्का, मी तर काल घरोघरी जाऊन बोलावलं."

"तू बलावं म्हनीसन तर आम्ही पाव्हना बनीसन उनूत! घरना मानूसले कोनी बलावस का? कुटाना आवाज उना का पोयपाट लिसन निंघनं. तू आठ दिन ओटावर बशी राहिनी. आम्हले वाटनं, पोर आते मड्डम व्हई गयी, आमनामा कसाले येई?"

आठ दिवस मी बोलावण्याची वाट बघत होते, आणि मी येते का याची वाट त्या बघत होत्या. मला हसावं की रडावं कळेना. सोनाअक्कांनी मुसळाकडे बोट दाखवलं. "कुट आते. जोरमा."

मी कुटायला लागले. पहिले दोन-चार ठोके भीतभीतच घातले, मग हात सुटला. पाटा ओट्याच्या दगडावर दणदणत होता. गल्ली रिकामीच होती. एक कुत्रं मान वर करून बघून पुन्हा झोपलं. माझं सगळं लक्ष कानात. काल मी या बायकांना बोलावून नुसतं बसवून ठेवलंय, आज कोण येणार? सोनाअक्का शांतपणे पदराने वारा घेत बसल्या होत्या.

कोपऱ्यावरचं दार वाजलं. मग समोरचं. बायका आल्या. अंगावर जुनेर, केस कसेतरी बांधलेले, बगलेत पोळपाट. कालच्या दुपारबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एकीने आत जाऊन स्वतःच पाण्याचा तांब्या भरून आणला. दुसरीने पिठाला नावं ठेवली, मिरं कमी पडलंय म्हणून. तिसरी माझ्या अंगावरच बसायला आली आणि म्हणाली, "सरक वं जराशी." तो शब्द मला इतका गोड लागला की काय सांगू! पाहुणीला कुणी सरक म्हणत नाही.

मी माझा नवा पोळपाट ओढला, तेवढ्यात सोनाअक्का उठून घरी गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या हातात सासूबाईंचा पोळपाट होता. कडेला पितळी खिळा.

"हाऊ तुना सासूना. शेवटना पापड मना घर लाटात, तठेच राहिना. तू लेवाले येशी म्हनीसन ठेवेल व्हता." मग लाटी तेलात बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुना तो डब्बा भेटना व्हता का? त्या डब्बाना पापड आम्ही बठ्ठ्यासनीच लाटेल व्हतात. तुनी सासू म्हने, पोर तठे एकलीच लाटत व्हई."

मी पोळपाट मांडीपुढे घेतला. मध्यभागी तो थोडा खोलगट झाला होता, वर्षानुवर्षांच्या लाटण्याने. त्या खोलगट भागात लाटी आपोआप पातळ फिरायला लागली. तिकडे चमच्याने चुरा खाताना मला वाटलं होतं, हे एका गेलेल्या बाईच्या हातचं शेवटचं आहे. प्रत्यक्षात ते पापड लाटणारे अर्धे हात इथे माझ्या शेजारी बसून मिरं कमी आहे म्हणून कुरकुरत होते. नीला मध्येच आली, तिच्या तोंडात कुणीतरी कच्ची लाटी कोंबली. ती म्हणाली, "इशी." सगळ्या हसल्या.

बदलीचा अर्ज आम्ही केला नाही. पुढची सात वर्षं मी पारोळ्यात आवाज ऐकून निघाले आणि आवाज करून वाट पाहिली. अल्माझला एक पत्र लिहिलं, शाळेतल्या तिकडच्या ओळखीच्या शिक्षकांकडून वाचून घे म्हणून. त्यात लिहिलं, तुमच्याकडे तिसऱ्या कपाआधी उठायचं नसतं, तसं आमच्याकडे बोलावण्याची वाट बघायची नसते. उत्तर आलं नाही. तिला ते पत्र मिळालं का, हे कुतूहल मला अजून आहे.

पण हे सगळं पारोळ्याच्या गल्लीचं. जळगावच्या या वसाहतीत प्रत्येक घराला कुंपण आहे, फाटक आहे. समोरच्या बाईंचं मूळ गाव कुठलं, त्यांच्यात कसं चालतं, मला काय ठाऊक? त्यांच्याकडे कदाचित बोलावूनच जातात. कदाचित परक्याच्या हाताचं चालत नसेल. पुन्हा तोंडघशी पडायची ही वेळ असेल.

आवाज थांबला. म्हणजे पीठ कुटून झालं, आता लाट्या पडतील. मी केस वर बांधले, जुनं पातळ तसंच ठेवलं, पोळपाट बगलेत मारला.

"ठरलं?" यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि रस्ता ओलांडला.

फाटकाची कडी काढताना तिचा केवढा आवाज झाला! अंगणात पाच-सहा बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना वर झाल्या. मोठ्या बाईंनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओळख पटायला त्यांना क्षणभर लागला. मग त्यांची नजर खाली आली, बगलेतल्या पोळपाटावर, त्या पितळी खिळ्यावर. त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेच्या मांडीवर चापट मारली.

"सरको थोडा," त्या म्हणाल्या.